पालथ्या पायऱ्या

मंडळी, देवाला हात जोडले, आता जरा माझ्याकडं बघा. हा पाण्याचा पेला. यावर नाव कोरलंय — शेवंताबाई जगदाळे. त्या समोरच बसल्यात. बाई, काळजी करू नका, पेला परत मिळेल! तर मला सांगा, आपण भांड्यावर नाव का घालतो? बोला की... बरोबर. लग्नकार्यात चार घरची भांडी एकत्र होतात, आपलं भांडं आपल्याकडं परत यावं म्हणून. मग जी वस्तू आपण देऊन टाकली — देवाला दिली, गावाला दिली — तिच्यावर नाव का घालतो?

उत्तर लगेच नको. असू दे. पेटीवाले, सूर धरून ठेवा. मंडळी, ऐका!

एक शहर होतं. शहराचं नाव सांगत नाही, आजचा विषयच तो आहे. तिथं नगरपरिषद, सतरा नगरसेवक. त्यातले एक रंगनाथ धुमाळ, सगळे त्यांना रंगभाऊ म्हणत. माणूस सरळ. राजकारणात राहूनही सरळ — हसू नका, असतात एखादे.

जुन्या जकात नाक्यामागं एक माळ होता. आठवड्याला एकदा तिथं बाजार भरायचा, उरलेले सहा दिवस पोरी खो-खो खेळायच्या. खाली मुरूम आणि फुटक्या बाटल्या. रंगभाऊंची नात कस्तुरी त्याच संघात. तिच्या गुडघ्याला चार टाके पडले होते, आणि डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा तिथंच पडली तर खेळ विसरा. तर त्या माळावर क्रीडा उद्यान करायचं ठरलं. शासनाकडून निधी आला. नगरपरिषदेनं एकतीस मार्चपर्यंत मंजुरी द्यायची, नाहीतर पैसे आले तसे परत.

पैशांना कुणाची हरकत नव्हती. सतराही तयार! अडलं कशावर? उद्यानाला नाव कुणाचं?

आता रंगभाऊंचंही ऐकून घ्या, म्हणजे त्यांना उगाच नावं ठेवणार नाही. त्यांचे वडील तात्या त्याच नगरपरिषदेत शिपाई होते. कचेरी सुटली की दोन डबे घेऊन त्या माळावर पाणी मारायचे, का, तर पोरं पडली तर फार लागू नये. तीस वर्षं! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभारही मानले नाहीत. लहानपणी रंगभाऊंनी विचारलं होतं, "तात्या, तुम्ही पाणी मारता हे कुणाला कळतं तरी का?" तात्या म्हणाले, "कुणाचा गुडघा फुटला नाही, की समजायचं पाणी मारलेलं आहे." अशा बापाचं नाव लागावं असं लेकाला वाटलं, तर त्यात चूक काय? मला तरी दिसत नाही.

पण त्या शहराची एक रीत होती. काम नंतर, कोनशिला आधी! दगड कोरून तयार असला की हक्क पक्का झाला असं धरत. रंगभाऊ गुपचूप हैबती पाथरवटाकडं गेले, दगड कोरायला सांगितला आणि बजावलं — एकतीस तारखेला चार वाजता नगरपरिषदेच्या दारात आण, कुणाला बोलू नकोस. हैबती हो म्हणाला. गिऱ्हाइकाचं गुपित त्यानं जन्मात फोडलं नव्हतं.

दोन सभा नावावरून मोडल्या. तिसरी एकतीस मार्चला. मुख्याधिकारी फडतरे बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, सहापर्यंत ठराव झाला तर झाला. तासभर एकाचे आजोबा थोर निघाले. पुढचा तास दुसऱ्याचे सासरे. मंडळी, त्या गावात इतकी थोर माणसं होऊन गेली होती, तरी साधं मैदान नव्हतं!

चार वाजले. दाराशी टेम्पो थांबला. हैबती आत आला, पागोटं सारखं करत म्हणाला, "साहेब, दगड आणलेत. कुठं उतरवू?"

"दगड आणलेत"? रंगभाऊंनी तर एकच सांगितला होता. सगळे खिडकीशी गेले. टेम्पोत पाच दगड, शेजारी शेजारी, उताणे. पाच घरांचे पाच बाप-आजे! पाचांनीही हैबतीला हेच सांगितलं होतं — एकतीस तारीख, चार वाजता, कुणाला बोलू नकोस. तो कुणाला बोलला नव्हता.

सभागृहात कुणी कुणाकडं बघेना. रंगभाऊ बाहेर टेम्पोपाशी गेले, आपला दगड वाचला. 'कै. तात्यासाहेब धुमाळ'. बापाला हयातीत कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यांना माळावरचे ते दोन डबे दिसले, कस्तुरीचा गुडघा दिसला. आत आले, उभे राहिले आणि म्हणाले, "निधी मंजूर करावा, अशी सूचना मी मांडतो. नाव कुणाचंच नको. हैबती, माझा दगड पालथा घाल."

आता पहिला दगड पालथा पडला, म्हटल्यावर दुसरा उताणा कुठल्या तोंडानं राहणार? एकानं खाली मान घालून अनुमोदन दिलं. सहाला वीस मिनिटं कमी असताना ठराव एकमतानं मंजूर झाला.

हैबती तेवढं म्हणाला, "दगड अस्सल आहेत. फेकू नका. पालथा घातला की पायरी होते."

मैदान झालं. लाल माती, चारी बाजूंनी कुंपण, दाराशी पाच पायऱ्या. उद्घाटनाच्या संध्याकाळी रंगभाऊ दुसऱ्या पायरीशी थांबले. तिच्याखाली कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं. बापावर पाय कसा द्यायचा? डोळे भरून आले. तेवढ्यात मागून कस्तुरी आणि तिचा संघ अनवाणी धावत आला आणि पायऱ्यांवरून धडाधड आत गेला. रंगभाऊंनी पावलं पाहिली. याच पावलांसाठी तर तात्या पाणी मारायचे! मग त्यांनी चप्पल काढली, पायरीला हात लावला आणि तेही चढले. आत जाऊन नळी घेतली, मातीवर पाणी मारायला लागले. अजून रोज मारतात. त्या वर्षी एकीचाही गुडघा फुटला नाही.

मंडळी, आपल्या या देवळात घंटेवर नाव आहे, बाकावर आहे, चपला ठेवायच्या फळीवरही आहे. देव सोडला तर सगळ्यांचं नाव आहे! मी तुम्हालाच बोलत नाही. बाहेरच्या फलकावर माझं नाव देवाच्या दुप्पट मोठं आहे, आणि येताना ते मी दोनदा वाचलं.

घसा सुकला... थांबा, पाणी पितो.

हं. शेवंताबाई, हा घ्या तुमचा पेला. नाव होतं, परत आला. पाण्यावर नाव नव्हतं, ते मात्र माझ्या पोटात पोचलं.