दाजींची वायर, निशाताईंची खिडकी

आजच्या सभेचे अध्यक्ष, धामणकर नाका व्यापारी मंडळाचे केसरीनाथ तरे. प्रमुख पाहुणे आणि आपल्या घराघरांत केबल पोहोचवणारे दाजी भोईर. सत्कारमूर्ती निशाताई म्हात्रे. आणि यंत्रमागांचा खडखडाट तासभर मागे ठेवून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी आल्हाद करंदीकर, निशाताईंचा वकील. वकिलाच्या हातात माईक देणं ही मंडळाची आजची पहिली चूक. दुसरी कोणती, ते ओघात येईल.

निशाताईंचा सायबर कॅफे आज बंद झाला. त्या पुण्याला निघाल्या आहेत. तिथे काही मंडळी एक ब्राउझर मराठीत आणताहेत, त्यांच्यात काम करायला. ब्राउझर म्हणजे इंटरनेट पाहायची खिडकी. अमेरिकेतल्या एका बलाढ्य कंपनीने आपली खिडकी प्रत्येक मशीनबरोबरच बसवून दिली, मग दुसरी विचारतो कोण? तिथल्या सरकारने तिला कोर्टात खेचलं, युरोपात तर अजून चाललंय. त्या धुमश्चक्रीत काही जणांनी स्वतंत्र खिडकी केली आणि फुकट वाटली. निशाताईंनी ती कॅफेत लावली.

इथे मात्र हुकूम वेगळा होता. ज्याच्या कॅफेत इंटरनेटसाठी दाजींची वायर, त्याने दाजी सांगतील तीच खिडकी लावायची आणि उघडताच दाजींच्या जाहिरातींचं पान दिसायचं. २००६ साली दाजी स्वतः कॅफेत आले. मी तिथेच पक्षकाराची मेल पाहत बसलो होतो.

"वायर माजी, तं पयलं पान बी माजंच," दाजी म्हणाले. "आनि फुकट वाटतान तं खातान काय ते?"

"कोपऱ्यात शोधायची चौकट हाय ना, दाजी," निशाताई म्हणाल्या. "तिथं ज्या कंपनीचं नाव बसतं, ती पैसे देते."

"म्हंजे ती बी कुनाची तरी मिंधीच."

दाजी, तुमचं अर्धं खरं होतं. निशाताईंनाही ती धास्ती होती. पैसे देणारा शोधवालाच उद्या दादा झाला तर? पण त्या म्हणाल्या, "तेचं नाव नको असलं तं मी बदलू शकतंय. तुमचं पान बदलता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी सहा माणसं सळया घेऊन आली. दाजी, पाणी घ्या, अजून बरंच आहे. गिऱ्हाइकांना कॉलर धरून रस्त्यावर फेकलं. एकाचं कपाळ उंबऱ्यावर आपटून फुटलं. सगळे मॉनिटर फोडले, काचांचा खच पडला. पण मारायला पाठवलेल्या माणसांना वाटलं, टीव्ही फोडला की कॉम्प्युटर मेला. टेबलाखालच्या डब्यांना कोणी हातसुद्धा लावला नाही. निशाताईंनी पडघ्याहून जुने मॉनिटर मागवले, दुसऱ्याची वायर ओढली आणि आठवड्यात कॅफे सुरू केला. नाका हसला. दाजींना मार चालतो, हसू चालत नाही.

माणसं पुन्हा आली. या वेळी मशीनकडे त्यांनी पाहिलंच नाही. निशाताईंचा उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि कोपरावर सळई घातली. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या रसवंतीपर्यंत गेला. ते ऐकणारे तिघे आज या सभागृहात बसले आहेत आणि निशाताईंच्या केसमध्ये त्यांनी अजून जबाब दिलेले नाहीत. मला त्यांचा राग येतो, आजही येतो.

अध्यक्ष महाशय घंटी वाजवताहेत. दोनच मिनिटं. दाराशी उभ्या असलेल्या चौघांनीही बसून घ्यावं, पुढे खुर्च्या आहेत.

पुढे केबलवाल्यांच्या दादागिरीची सरकारी चौकशी लागली. दाजींना एक तरी कॅफे दाखवायला हवा होता, जिथे त्यांचं पान नाही. अमेरिकेत म्हणे बलाढ्यांनाही कधीकधी प्रतिस्पर्धी जिवंत लागतो, सरकारला दाखवायला. मग ज्यांनी हात मोडला त्यांनीच निशाताईंना फुकट वायर देऊ केली. ताईंनी ती घेतली. गाव म्हणालं, विकली गेली. मी चिडून जाब विचारला, तेव्हा प्लॅस्टरमधला हात सावरत त्या म्हणाल्या, "वायर घेतली, वकीलसाहेब. तोंड विकलं न्हाय."

स्वतंत्र म्हणवणाऱ्या प्रत्येकाचं पोट कोणीतरी भरतं. प्रश्न एवढाच, की खाल्ल्यावर तो गप्प बसतो का?

आता मंडळाची दुसरी चूक. काल मला मंडळाचा निरोप आला, की निशाताईंनी शाल-श्रीफळ घ्यावं, केस मागे घ्यावी, कटुता ठेवून गाव सोडू नये. शाल त्या घेतील. सोमवारी कोर्टात तारीख आहे, त्यासाठी पुण्याहून येतील आणि सहाही नावं घेतील. पाठवणाऱ्याचं सातवं.

मंडळाने बोलू दिलं, आपण ऐकलंत, ऋणी आहे. एखादा शब्द अधिकउणा गेला असेल तर तो माझ्या माथी मारा, निशाताईंच्या नको. आणि दाजी, शाल घालून श्रीफळ हातात देताना तुम्हालाच थोडं वाकावं लागेल. त्यांचा उजवा हात वर येत नाही.