काविळीचा पाला

तुंगाबाई : तू स्वल्प बाहेर बस, हर्षिता. काविळीचं औषध वाटताना कुणी बघायचं नसतं.

हर्षिता : सुनेनंही नाही?

तुंगाबाई : सुनेनं माझ्यामागं. अजून मी आहे.

हर्षिता : आई, मी कॉलेजात वनस्पतीच शिकवते. पाला नुसता बघू द्या. नाव विचारत नाही.

तुंगाबाई : विचारून मिळणारही नाही. नाव घेतलं की गुण जातो, माझ्या सासूबाई सांगायच्या. पहाटे अंधारात जायचं, दिवा न्यायचा नाही, तोंड उघडायचं नाही. बोटांना बरोबर कळतं.

हर्षिता : आज कुठून आणलात?

तुंगाबाई : यशवंतपूरची आपली जागा गेली, तिथं बिल्डिंग उठतेय. म्हणून पलीकडच्या प्लॉटातनं. का गं?

हर्षिता : ही काडी बघा. पानांखाली बारीक फळांची रांग आहे. आता ही दुसरी मोडते.

तुंगाबाई : दूध आलं हिला.

हर्षिता : पहिलीला चीक नसतो. अंधारात दोन्ही सारख्याच लागणार हाताला.

तुंगाबाई : दुसरी किती आलीय?

हर्षिता : निम्मी तरी. चीकवाली पोटात गेली तर उलट्या व्हायच्या. यातली तुमची कुठली?

तुंगाबाई : असं कसं सांगू? वासुदेवरावांचा किरणकुमार बाहेर बसलाय, डोळे हळदीसारखे झालेत. गुण गेला तर त्याचं काय?

हर्षिता : चुकीचं पाजलं तर त्याचं काय?

तुंगाबाई : (पहिली काडी उचलून) नेलनेल्ली. तुमच्या मराठीत भुईआवळी. फळांची रांग असते ती. झालं समाधान?

हर्षिता : नाही. तिनं कावीळ खरंच उतरते का, कुणाची उतरते, याचं ठाम उत्तर माझ्याकडंही नाही.

तुंगाबाई : बरं वाटलं ऐकून. मला वाटायचं, तुला सगळंच येतं.

हर्षिता : कावीळ कशानं झाली ते मात्र रक्तावरून कळतं. त्याचं तपासलंय?

तुंगाबाई : कुठलं? सगळे आधी माझ्याकडंच येतात. सरी, ठीक आहे. किरणा, आत ये बाळा. आज औषध नाही. ही अक्का गाडी काढते, तिच्याबरोबर जाऊन रक्त दे.

किरणकुमार : मग औषधाला उद्या येऊ, काकू?

तुंगाबाई : डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला ये.

हर्षिता : चल किरण. आई, आणि उद्या पाला आणायला मी येऊ?

तुंगाबाई : ये. स्वल्प उशिरा निघू. उजाडल्यावर.