भिकुबाईनं केलेलं छत

धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"भिकुबाई, नातू कसा शे?"

"मजेत, अक्का. सव्वा महिना माझ्याकडं राहून परवाच जळगावला गेला. विहीणबाई तर माझ्या लेकीला बाळंतपणाला पाठवतच नव्हत्या. तुमच्या पत्र्याखालून वारा येतो, बाळ गारठेल म्हणाल्या."

"मग?"

"मग मीच शिडीवर चढले. पत्रा अन् भिंतीमधल्या बठ्ठ्या, एकूण एक फटी चिखल-भुशानं लिंपल्या. गोणपाटं शिवली, त्यांत कोरडं गवत भरलं अन् पत्र्याखाली ताणून बांधली."

"एकटीनं? तुझे मालक चुडामणभाऊ कुठं होते?"

"शिडी धरून खाली उभे. पडशील, पडशील, एवढंच म्हणत होते."

"अन् विहीणबाई?"

"नातू बघायला आल्या, त्या दोन घोंगड्या घेऊनच. एकही उलगडली नाही. सकाळी आम्ही उठवेपर्यंत झोपल्या. मग चहा घेता घेता कितीतरी वेळ छताकडं बघत होत्या."

"बोलल्या काही?"

"म्हणाल्या, 'आमच्याही घरात वारा फार येतो हो. असं छत करून द्याल का?'"

"अन् तू काय म्हणालीस?"

"चालले ना जळगावला! स्टँडवर घ्यायला विहीणबाई स्वतः येणार आहेत."