विचारलंच नाही

आमच्या जळगावच्या ऑफिसातल्या वैशालीचं ऐका. फायली पुसण्याच्या कमांडबद्दल ती नव्या लोकांसाठी माहिती लिहीत होती: 'पुसण्याआधी ही कमांड विचारते.' खात्री करावी म्हणून तिनं नव्या सर्व्हरवर कापसाच्या रोगट पानांच्या फोटोंवरच ती चालवून पाहिली. विचारलं की 'नाही' म्हणायचं, एवढाच बेत. पण कमांडनं विचारलंच नाही. फोटो गेले, आणि ऑफिसात दुसरी प्रत नव्हती.

"अरे, माझ्या कॉम्प्युटरवर तर नेहमी विचारते!" ती रडवेली झाली.

मी म्हटलं, "तिथं कुणीतरी तशी सोय करून ठेवलीय. मुळात ती विचारत नाही."

डोळे पुसत तिनं आधी ते वाक्य बदललं: 'कमांड विचारेल असं धरून चालू नका.' म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या फायली तरी वाचतील."

मग धीर करून दोंडाईच्याला फोन लावला. तिथल्या एका आबांनी हंगामभर शेतोशेत फिरून ते फोटो काढून पाठवले होते.

"आबा, माझ्या हातून तुमचे सगळे फोटो पुसले गेले हो."

आबा हसून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "रडू नको पोरी. बठ्ठा, सगळाच्या सगळा फोटो मन्हा फोनमाच शेतस. माले पुसताच येत नही."