धाप लागली की वाक्य कापा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज मुलांच्या मासिकाचा निरोप घेणाऱ्या आमच्या लेखिका-संपादक बाई, आणि पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेल्या छोट्या वाचकांनो!

बाईंच्या गोष्टींना मी आयुष्यभर चित्रं काढली. आज दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनवर भागणार नाही, आधीच सांगतो.

बाईंची एक पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. गोष्ट लिहून झाली की मला कचेरीच्या व्हरांड्यात भराभर चालायला लावायच्या, आणि चालता चालता ती मोठ्याने वाचायला सांगायच्या. मला धाप लागली की म्हणायच्या, "थांबा. वाक्य कापा." मला वाटायचं, माझ्या पोटाच्या घेराची काळजी! समीक्षकांनी मात्र या छोट्या वाक्यांची खिल्ली उडवली. बाळबोध लेखन म्हणे.

आणि गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात तो जुना फोटो आला! ट्रकच्या टपावर एक तरुणी, मूठ वर, मागे अफाट मोर्चा. गोगलगाईच्या गोष्टी लिहिणाऱ्या आमच्या बाई! बंदी घातलेल्या पक्षाच्या घोषणा याच लिहायच्या, त्यापायी तुरुंगातही गेल्या. मी खुर्चीतून उडालोच. चालत्या माणसाला एका दमात ओरडता येईल असं वाक्य! अहो, आमचा व्हरांडा तिथून आला होता!

"बाई, इतकी वर्षं लपवलंत?"

"लपवलं कुठे? कुणी विचारलंच नाही. मुलं विचारतात ते एवढंच, गोगलगाय पुढे कुठे गेली."

पण तो फोटो पाहून शाळांच्या ग्रंथालय समितीने बाईंची सगळी पुस्तकं कपाटात कुलूपबंद केली. आत राजकारण असेल म्हणे! बाई त्या दिवशी रडल्या. "मला काय म्हणायचं ते म्हणा, पण मुलांच्या हातातून कशाला काढून घेता?" मला भयंकर राग आला होता, अजूनही आहे. आणि समितीचे प्रमुख कोण? आजचे आपले अध्यक्ष! हसू नका, त्यातली एक-दोन पुस्तकं त्यांनी तपासायला घरी नेली होती. परवा त्यांचा फोन आला.

"अहो, पुढच्या भागात ती गोगलगाय राजाच्या रस्त्यातून उठते का? नात झोपू देत नाही."

मी विचारलं, "राजकारण सापडलं का?"

म्हणाले, "ते बघायचं राहूनच गेलं हो."

तर अध्यक्ष महोदय, एवढ्या मुलांसमोर विचारतो, ते कपाट कधी उघडणार? ... अरे! खिशातून किल्ली काढताहेत! बाईंच्या हातात देताहेत! वाजवा, टाळ्या वाजवा!

सर्वांचे मनापासून आभार. उत्साहाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण मला धाप लागलीय, आणि बाई तिकडून दोन बोटांची कात्री करून दाखवताहेत.