सहीचं शेपूट

—नाही हो वकीलसाहेब, टाळाटाळ कसली, पण बसा आधी, तो किल्ल्यांचा डबा सरकवा बाजूला आणि बसा. सहीखाली हा जो फराटा ओढतात ना, शेपूट, त्याला इंग्रजीत शब्द आहे — पॅराफ! वकील असून नाही ठाऊक? कपाटाची किल्ली हरवलेले एक मास्तर सांगून गेले. मूळ ग्रीक म्हणे, शेजारी लिहिलेलं — आपल्या पॅराग्राफचाच भाऊबंद! आधी मजकुराच्या कडेला नुसती रेघ मारायचे, मग ती सहीखाली आली, आणि कशाला? तर कुणी नक्कल करू नये म्हणून. झालं! अख्ख्या गल्लीच्या किल्ल्यांच्या नकला करणारा माणूस मी, माझी नक्कल कुणी करायची म्हणजे काय? असं शेपूट जोडलं सहीला — तीन वेढे, एक गाठ, वर टिंब — की ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. नाहीच जमलं. मलाही नाही! बँकेतला साहेब तोंडावर म्हणाला, ही तुमची सही नव्हे.

मग? मग काय, बायकोला जमली. भाजी चिरता चिरता हात पुसला आणि ओढली, पहिल्या फटक्यात. तेव्हापासून माझी सही तीच करते — दुकानाचा करार, घराचं खरेदीखत, लेकीच्या शाळेचे कागद — तुमच्या-माझ्यात राहू द्या हं हे. आता गंमत बघा, तिला हवी सोडचिठ्ठी, त्या कागदावर पाहिजे माझी सही, आणि ती करणार कोण? तीच! म्हणजे घरी यावं लागणार. येऊ दे की, मी टेबल पुसून ठेवलंय, चहा टाकतो, आणि एकदा टेकली की उठते थोडीच! म्हणे, तुम्ही माझं कधी ऐकूनच घेतलं नाही — आता मला बोलायची सवय, त्याला मी काय करू? ती नसली की घर खायला उठतं हो, खरंच सांगतो.

काय? झालीये सही? कुठे — आणा इकडे. थांबा, चष्मा.

तीन वेढे... गाठ... टिंब.

नाही म्हणू शकतो मी. ही माझी नव्हेच म्हटलं की कागद गेला केराच्या टोपलीत! पण मग घरही माझं नाही, दुकानही नाही... आणि हात बघा ना तिचा, कुठे थरथरलासुद्धा नाही.

आणि ही शेजारची? ही तिची? तिची स्वतःची? इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतोय. साधीच आहे की. शेपूट नाही.

माझीच आहे सही. न्या. आणि जाताना तेवढं शटर ओढून घ्या.