पाडा संपायच्या आत

मिशी? मिशी नाही काढायचे हो आमचे हे, भाऊ— तुम्ही नाशिकहून एवढा घाट चढून घोरण्यावरची मशिनं दाखवायला आलात, उपकार आहेत, पण मिशीचं नाव काढू नका. नाकावरचा मास्क मिशीपाशी हवा सोडतो ना, मग हाच मोठा राहू दे, नाक-तोंड दोन्ही झाकणारा— नाहीतरी झोपेत तोंड उघडंच असतं ह्यांचं. बघा, लावला नाही तोच घोरायला लागले! भर दुपारी, दुकानाच्या बाकावर. असंच चालतं— टेलर माणूस, परवा शिवता शिवता डुलकी लागली नि गिऱ्हाइकाच्या पँटचा खिसाच शिवून बंद केला.

हं, परत सांगा— हे साधं, एकाच जोरानं हवा मारतं. हे मधलं, लागेल तसा जोर आपणच कमी-जास्त करतं. नि हे तिसरं श्वास सोडताना जोर उतरवतं. कळलं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी बघून मधलं लिहिलंय, मग मधलंच लावा, आपण कशाला शहाणपणा करा? हवा ओलसर ठेवायची ती पाण्याची डबी रोज धुऊन भरीन— माझं माहेर सूर्यमाळचं, उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरलेली बाई मी, थेंब नाही सांडायची. लाईट जातेच आमच्याकडं, पण इन्व्हर्टर आहे. करा चालू.

झालं? मग आवाज कुठाय? भाऊ— घोरणं थांबलं! हसू नका, मला घोरणं चालू असलं तरच झोप लागते. थांबलं की श्वासही थांबलेला असतो ह्यांचा, मला टक्क जाग. मग मी माहेरच्या पाड्यातली घरं मोजते— ढवळूचं, माघीचं, सोम्याचं— तिसऱ्या घरापाशी श्वास परत यायचा. अकरा वर्षं हेच. हल्ली नऊच्या नऊ घरं होतात, पाडा संपतो, तरी येत नाही— मग लाथ घालते. ह्यांना वाटतं, बायको झोपेत लाथा मारते, चारचौघांत सांगतात. सांगू देत. लेकीलासुद्धा बोलले नाही मी हे, नि तुमच्यापुढं— भीती वाटते हो फार.

थांबा, बोलू नका. ढवळूचं— आला. ढवळूचं— आला. ढवळू— अगंबाई, माघीच्या दारात पोचूच देईनात की!

हेच ठेवा, भाऊ. बाकीची उचला. कागद संध्याकाळी करू, हे उठले की. नि जाताना तेवढं शटर खाली ओढा— मी पण जरा आडवी होते.